आम्ही, आपण आणि काढून टाकलेली एक ओळ

जळकोट नावाची दोन गावे आहेत. एक लातूर जिल्ह्यात, तालुक्याचे ठिकाण. दुसरे आमचे, धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातले, सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्ग मागे टाकल्यावर लागणारे. पत्त्यात तालुका लिहावयाचा राहिला की आमची पुस्तके आधी त्या जळकोटचे दर्शन घेतात आणि मग सवडीने आमच्याकडे येतात. मराठी शिकवणाऱ्या आम्हां पती-पत्नींना संगणकाच्या भाषेतला पहिला नियम समजण्यास म्हणूनच अडचण पडली नाही. तो नियम असा : आपण लिहिलेल्या प्रत्येक फलनाच्या नावाआधी आपली स्वतःची खूण जोडावी, कारण 'पान दाखवा' असे साधे नाव आणखी कोणी तरी ठेवलेले असणारच, आणि एका संकेतस्थळावर दोन फलने एकाच नावाची निघाली की सगळे संकेतस्थळ ठप्प होते. म्हणजे, तालुका लिहावा.

संगणकाशी आमचा संबंध आला तो ओव्यांमुळे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी आमचे विद्यार्थी आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करून आणीत. वह्या भरत, कपाटे भरत, परीक्षा संपली की त्या वह्यांना कोणी वाली उरत नसे. म्हणून आम्ही वर्डप्रेसवर एक लहानसे संकेतस्थळ सुरू केले. वर्डप्रेस ही मुक्त प्रणाली 2003 सालची. आज जगातल्या पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन तिच्यावर चालतात. तिचे ब्रीदवाक्य 'कोड म्हणजे कविता' असे आहे. हे वाचून आम्हांस आधी हसू आले, पुढे थोडा रागही आला, आणि नंतर जे घडले त्यानंतर आम्ही त्याबद्दल बोलण्याचे सोडून दिले.

ओव्या नुसत्या ठेवून भागणारे नव्हते. एकाच ओवीचे अणदूरला एक रूप, उमरग्याकडे दुसरे. वाचकाला आपल्या आजीच्या तोंडचा पाठभेद लिहून पाठवता यावा, आणि तो त्या ओवीखाली दिसावा, अशी आमची इच्छा होती. यासाठी प्लगइन लिहावे लागते. प्लगइन म्हणजे मूळ प्रणालीला जोडावयाचा सुटा भाग. त्याला 'जोडणी' म्हणून पाहिले, 'पुरवणी' म्हणून पाहिले; विद्यार्थी 'प्लगइन'च म्हणत राहिले, आणि आम्हीही हट्ट सोडला. आमचा एक माजी विद्यार्थी तेव्हा पुण्यात संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला होता. 2019 च्या दिवाळीच्या सुटीत तो गावी आला होता. आमच्या ओसरीवर बसून त्याने चार दिवसांत हे प्लगइन लिहिले, आणि लिहिता लिहिता आम्हांस शिकवलेही.

त्याने शिकवलेले दुसरे तत्त्व असे की मूळ प्रणालीच्या फायलींना हात लावावयाचा नाही. त्या प्रणालीत ठिकठिकाणी 'हूक' ठेवलेले असतात. आकडेच म्हणा ना. मूळ काम चालू असता त्या त्या जागी ती प्रणाली थांबून विचारते : येथे कोणाला काही सांगावयाचे आहे काय? प्लगइनने आपले म्हणणे त्या आकड्याला अडकवावे. काही आकडे नुसते काम करण्यासाठी असतात. काही 'फिल्टर' असतात, म्हणजे ते तुमच्या हाती मजकूर देतात, तुम्ही त्यात भर घालावी आणि तो परत करावा. परत करावयास विसरलात तर पानावरचा मजकूरच नाहीसा होतो. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. आम्हीही ती केली, आणि एका सकाळी सगळ्या ओव्या कोऱ्या दिसू लागल्या. धन्याने दिलेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची मत्तयाच्या शुभवर्तमानातली कथा आम्ही लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केली होती. त्या चाकराने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. जे हाती आले ते त्याने पुढे जाऊ दिले नाही, एवढाच त्याचा गुन्हा होता. तो गुन्हा एवढा मोठा का, हे आम्हांस त्या कोऱ्या पानाने प्रथम समजावले.

आमच्या दोघांची घराणी ख्रिस्ती. एक अहिल्यानगरकडचे, दुसरे सोलापूरकडचे. दोन्ही अमेरिकन मराठी मिशनच्या सावलीत वाढलेली. जळकोटला आमचे शेजारी आमच्या नाताळाला फराळाची ताटे पाठवतात आणि नवरात्रात तुळजापूरला निघालेल्या पायी यात्रेकरूंना आमच्या ओसरीवर पाणी मिळते. तरी अधूनमधून कोणी तरी, बहुधा वाईट हेतू मनात नसताना, विचारतेच : तुमचा धर्म हा बाहेरून जोडलेला, नाही का? या प्रश्नाला आमच्याकडे पुष्कळ वर्षे उत्तर नव्हते. आकडा आणि मूळ फाईल यांतला भेद समजल्यावर निदान प्रश्न तरी नीट मांडता येऊ लागला.

इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट 1579 मध्ये गोव्यास आला आणि 1619 मध्ये वारेपर्यंत त्याच भागात राहिला. त्याचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. स्टीफन्सने मराठी कवितेच्या मूळ फायलीत हात घातला नाही. पुराण सांगण्याची रीत येथे होती, ओवी होती, ऐकणाऱ्याने शंका विचारावी आणि सांगणाऱ्याने तिचे निरसन करावे ही पद्धत होती. त्याने आपली कथा त्या आकड्यांना अडकवली. सतराव्या शतकात त्या ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, 1649 आणि 1654 मध्ये. पण त्याच गोव्यात, त्याच धर्माच्या नावाने, देवळे पाडली गेली. आणि 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज धरावी. हे मूळ फायली फोडणे होय. आमच्या श्रद्धेच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी आहेत. पहिलीचा अभिमान सांगून दुसरीबद्दल गप्प बसणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. आम्हांस एवढेच वाटते की जे आकड्याला अडकले ते आजही मराठीच्या अभ्यासक्रमात आहे, आणि जे फोडून घातले ते आपण होऊन कोणी जपले नाही.

आता ज्या तत्त्वामुळे हा लेख लिहावा लागला, त्याकडे येतो. प्लगइन लिहिणाऱ्याने कोणत्याही आगंतुक मजकुरावर विश्वास ठेवू नये, हे ते तत्त्व. मजकूर आत येताना तो निवडून, पाखडून घ्यावा. यास 'सॅनिटाइज' करणे म्हणतात. आणि तोच मजकूर पानावर छापताना, अगदी छापण्याच्या क्षणी, त्यातली संगणकाला आज्ञा वाटू शकतील अशी चिन्हे निष्प्रभ करावीत. यास 'एस्केप' करणे म्हणतात. आत घेताना एकदा पाखडले म्हणून बाहेर देताना गाफील राहू नये. कोणी पाठभेदाच्या चौकटीत ओवीऐवजी एखादी आज्ञा लिहून पाठवली, आणि आपण ती तशीच छापली, तर जो वाचक ते पान उघडील त्याच्या संगणकावर ती आज्ञा चालते. पान आपले, पाहुणा आपला, आणि लुबाडणारा तिसराच.

आमच्या जवळच्या नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले हे बांधकाम, म्हणजे स्टीफन्सच्या पुराणाच्याच सुमाराचे. पावसाळ्यात नदी भरली की पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांतून कोसळते. महालाच्या खिडकीत उभे राहिले तर समोरून पाण्याचा पडदा खाली जाताना दिसतो, आणि आत मात्र पाणी येत नाही. बांधणाऱ्याने पाण्याला शत्रू मानले नाही आणि त्याच्यावर विसंबूनही राहिला नाही. पाण्याची वाट त्याने आधीच ठरवून ठेवली. आमच्या विद्यार्थ्याला एस्केपचा अर्थ विचारला तेव्हा त्याने हेच उदाहरण दिले होते. लहानपणी सहलीला तो तेथे गेलेला होता.

ओव्या दोन ओळींच्या, कधी तीन ओळींच्या. ओळ जेथे तुटते तेथे संगणकाला एक खूण द्यावी लागते. 2021 च्या ऑगस्टमध्ये, वर्ग अजून मोबाइलवर चालत असताना, आमच्या लक्षात आले की नव्याने आलेल्या पाठभेदांत ओळ तुटत नाही. उलट ती खूणच, कोनाकार कंसांसकट, अक्षरांच्या मध्ये छापली जाते. ओवी विद्रूप दिसत होती. आम्ही प्लगइनची फाईल उघडली, शोधता शोधता छपाईच्या ओळीपाशी आलो. तेथे एस्केपचे फलन मजकुराभोवती गुंडाळलेले होते. ते काढून पाहिले. ओवी सुरेख दोन ओळींत उभी राहिली. आम्हांस कोण आनंद झाला! त्या ओळीच्या वर विद्यार्थ्याने मराठीत टीप लिहिली होती की हे काढू नये, आणि का काढू नये हेही एका वाक्यात सांगितले होते. फलन गेल्यावर टीप निरर्थक झाली असे वाटून आम्ही तीही पुसली. संहिता-चिकित्सा शिकवणाऱ्या माणसांनी हे केले.

2023 च्या आषाढी एकादशीच्या आठवड्यात उमरग्याच्या एका प्राध्यापिकेचा फोन आला. विठ्ठलाच्या ओव्यांचे पान उघडले की भलतेच, जुगाराच्या जाहिरातीचे पान पुढे येते. आम्ही उघडून पाहिले, खरेच. त्याच आठवड्यात त्या ओव्या वाचावयास सर्वांत अधिक लोक येतात. संकेतस्थळ बंद करावे लागले ते अकरा दिवस बंद राहिले. ज्या बायांनी आपल्या ओव्या विश्वासाने दिल्या होत्या, त्यांच्या नाती मोबाइलवर ते पान आजीला दाखवावयास गेल्या आणि त्यांच्यापुढे काय आले असेल, या विचाराने आमची झोप उडाली.

माणूस अशा वेळी दोष ठेवण्यासाठी जागा शोधतो. आम्हांस ती लगेच सापडली. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर आम्ही लिहिले की सुटीत घाईने उरकलेले काम असे अंगाशी येते. नाव लिहिले नाही. पण प्लगइन कोणी लिहिले हे त्या गटातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. नाव न घेता बोलण्याचा सभ्यपणा हा पुष्कळदा नाव घेण्यापेक्षा अधिक क्रूर असतो, कारण समोरच्याला उत्तर देण्याचीही सोय राहत नाही. त्याने उत्तर दिले नाही. संध्याकाळी तो गटातून बाहेर पडला.

प्लगइनचे सगळे बदल 'गिट' नावाच्या व्यवस्थेत नोंदले जातात. लिनस टॉरवाल्ड्सने 2005 मध्ये ती बनवली. कोणत्या दिवशी, कोणी, कोणती ओळ बदलली हे ती विसरत नाही. तिच्यात एक आज्ञा आहे, तिचे नावच 'ब्लेम', म्हणजे दोष. ती दिली की फाईलच्या प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख उमटते. आम्ही ती आज्ञा दिली ती दुरुस्तीसाठी, असे सांगता येईल. पण खरे सांगावयाचे तर पुरावा हाती असावा, हाही हेतू होता. त्या ओळीपुढे नाव आले : 'आम्ही'. दोघांत मिळून एकच खाते आम्ही वापरत असू, आणि हौसेने त्याचे नाव ठेवले होते 'आम्ही'. हेही नियमाविरुद्धच, ज्याचे त्याचे खाते वेगळे असावे, असे त्याने बजावले होते. आता आमच्यापैकी कोणाच्या हातून ते फलन पुसले गेले हे त्या नोंदीतून कधीच कळणार नव्हते. दोघांनाही आठवेना, किंवा दोघांनाही आठवत होते पण सांगवेना. त्या रात्री घरात आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला निरोप धाडला. तो निरोप आजही आमच्या मोबाइलवर आहे : आपल्याकडून ती ओळ मध्यंतरी निघून गेली होती, आता लक्षात आले, वाईट वाटून घेऊ नकोस. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आले नाही. आम्हांस, कबूल करावयास हवे, थोडा रागच आला. आपण होऊन चूक सांगितली, तरी याचा ताठा जात नाही.

पुढच्या रविवारी आम्ही प्रार्थनेसाठी सोलापूरला गेलो. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मंडळीने एकसुरात म्हटली. ती आम्ही हजारो वेळा म्हटली असेल. व्याकरण शिकवणाऱ्याच्या कानाला एखादी गोष्ट चाळीस वर्षांनी ऐकू यावी, तसे त्या दिवशी झाले. त्या प्रार्थनेत 'मी' कोठेही नाही. आहे ते 'आम्ही', आणि त्याचीच रूपे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचने दोन : 'आम्ही' आणि 'आपण'. 'आपण'मध्ये ऐकणारा येतो, 'आम्ही'मध्ये तो येत नाही. इंग्रजीत हा भेद नाही. ज्या ग्रीकमध्ये ती प्रार्थना लिहून ठेवली गेली तिच्यातही नाही. तो आमच्या भाषेने करून ठेवला आहे. मराठी भाषांतरकारांपुढे निवड होती, आणि त्यांना 'आम्ही'च निवडावे लागले. ज्याच्यापुढे उभे राहून पाप सांगावयाचे त्याला त्या पापात गोवता येत नाही. प्रार्थनेत एका ठिकाणी 'आपल्या' येते, पण तेथे ते स्ववाचक आहे. स्वतःच्या ऋणकोंविषयी आहे. मत्तयाने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही ऋण असाच आहे, आणि मराठीने तो ऋणच ठेवला.

आणि आमचा निरोप आठवला. 'आपल्याकडून ओळ निघून गेली.' दोन चोऱ्या एका वाक्यात. 'आपल्याकडून' म्हणून आम्ही त्याला आमच्या दोषात ओढून घेतले होते. जणू ओळ काढताना तोही आमच्या शेजारी बसला होता. आणि 'निघून गेली' या अकर्मक क्रियापदाने आम्ही स्वतः बाजूला झालो होतो. ओळी आपोआप निघून जात नसतात. कर्तरी प्रयोग वर्गात वर्षानुवर्षे शिकवून आम्हांस एक वाक्य कर्तरी लिहिता आले नव्हते.

याच शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशूने सांगितले आहे की वेदीवर अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. येथेही व्याकरण पाहण्यासारखे आहे. तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असे येशू म्हणत नाही. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. त्या रविवारी प्रभुभोजन होते. आम्ही ते घेतले नाही, मागच्या बाकावर बसून राहिलो. परतीच्या एसटीत आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला विचारले, 'तुम्ही काढली की मी काढली?' आणि दोघांनाही कळून चुकले की या प्रश्नाला आता अर्थ नाही. खाते एकच होते, नाव एकच होते. ज्या सर्वनामात आम्ही लपलो होतो, त्याच सर्वनामात आता उभे राहावयाचे होते.

घरी येऊन आम्ही त्याच गटावर लिहिले, कारण आरोप चारचौघांत केला होता. ते फलन आम्ही काढले. त्याच्यावरची टीपही आम्ही पुसली. आम्ही तुमच्या मित्रावर खोटा आळ घेतला. मग तेच शब्द त्याला वेगळे पाठवले. क्षमा कर असेही लिहिले; वाईट वाटून घेऊ नकोस, असे लिहिले नाही. वाईट वाटावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार आमचा नव्हता.

त्यानंतर दुरुस्ती. ती आम्ही पुस्तिका वाचून, चुकतमाकत केली. अर्जाच्या चौकटीत 'नॉन्स' घातला. हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा वाटेल. एखाद्या प्रसंगापुरताच घडवलेल्या शब्दाला इंग्रजीत 'नॉन्स-वर्ड' म्हणतात. येथे तो अर्जासोबत दिला जाणारा, थोड्या काळापुरताच चालणारा सांकेतिक शब्द. अर्ज खरोखर आपल्याच पानावरून आला की कोणी दुसरीकडून ढकलला, हे त्यावरून ताडता येते. दोन खाती केली, दोन नावांची. आणि अहंकार येथेही जागा झालाच. गिटमध्ये मागच्या नोंदी नव्याने लिहिता येतात. थोड्या खटपटीने 2021 सालचा तो बदल इतिहासातून पुसून टाकता आला असता. चूक दुरुस्त झाली आहे, मग तिची नोंद कशाला?

या मोहातून आम्हांस सोडवले ते पेत्राने. येशूला पकडल्या रात्री पेत्राने त्याला तीनदा नाकारले, ही हकिगत चारही शुभवर्तमानांत आहे. ती लिहिली गेली तेव्हा पेत्राचे नाव मंडळीत सर्वांत वरच्या नावांपैकी होते. ती गाळता आली असती. मत्तयाने तर सुरुवातीच्या वंशावळीतच तामार, राहाब आणि उरीयाची बायको यांची आठवण ठेवली आहे. कोणत्याही सावध घराण्याने या ठिकाणी बोट ठेवले नसते. क्षमा झाली म्हणून नोंद गेली नाही, आणि नोंद राहिली म्हणून क्षमा अडली नाही. आम्ही तो बदल तसाच ठेवला. आज कोणीही ती आज्ञा देऊन आमचे नाव आणि तारीख पाहू शकते.

या काळात आम्ही संगणकाच्या क्षेत्रातल्या श्रद्धावंतांविषयीही वाचले. पर्ल ही भाषा बनवणारा लॅरी वॉल हा मुळात भाषाविज्ञानाचा विद्यार्थी, लिपी नसलेल्या एखाद्या भाषेत जाऊन काम करण्याचे मनात धरलेला; भाषेचे नाव त्याने मोलवान मोत्याच्या दृष्टान्तावरून घेतले. एसक्यूलाइट हा आता जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेला संग्राहक लिहिणाऱ्या रिचर्ड हिप्पने त्याच्या फायलींच्या माथ्यावर परवान्याच्या जागी आशीर्वाद लिहिला आहे, आणि त्यात क्षमा मिळो व क्षमा करता येवो अशी इच्छा आहे. पण आमच्या उपयोगी सर्वांत अधिक पडला तो डोनाल्ड नूथ. हा लूथरपंथी गणिती आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्यास 2 डॉलर 56 सेंट देत असे; 256 सेंट म्हणजे सोळाच्या पाढ्यातला एक डॉलर, असा त्याचा विनोद. ज्याने चूक दाखवली त्याचे ऋण झाले, ते फेडावयाचे. आमच्या विद्यार्थ्याने तर चूक होण्याआधीच टीप लिहून ती दाखवली होती. त्याचे देणे आमच्याकडे 2019 पासून बाकी होते.

एक गोष्ट मात्र आमच्या मनात बरेच दिवस सलत राहिली. 'कोणत्याही आगंतुकावर विश्वास ठेवू नये' हे तत्त्व एका ख्रिस्ती माणसाने कसे पाळावे? शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा, आणि येथे प्रत्येक शेजाऱ्याला चोर समजावयाचे! पुढे लक्षात आले की हे तत्त्व आम्ही उलटे वाचले होते. एस्केपचे फलन पाहुण्याचा अपमान करण्यासाठी नसते. ज्या भोळ्या नातीने आजीला ते पान दाखवावयास घेतले, तिच्यासाठी ते असते. आणि त्यात यजमानालाही सूट नसते. संकेतस्थळाच्या मालकाने स्वतः लिहिलेला मजकूरही छापताना त्याच चाळणीतून जातो. पाप सर्वांनी केले आहे, असे पौल रोमकरांस लिहितो तेव्हा तो दुसऱ्यांकडे बोट दाखवत नाही. त्या 'सर्वांत' स्वतःला धरतो. आम्ही आगंतुकावर अविश्वास दाखवण्यात कमी पडलो नव्हतो. आम्ही स्वतःवर मात्र आंधळा विश्वास ठेवला होता : आम्ही मराठीचे अध्यापक, ओवी कशी दिसावी हे आम्हांस कळते, मधले ते फलन कशाला?

सबव्हर्जन नावाची गिटच्या आधीची एक व्यवस्था आहे. तिच्यातही दोष दाखवणारी ती आज्ञा आहे, आणि गंमत म्हणजे तीच आज्ञा 'प्रेझ', म्हणजे स्तुती, या दुसऱ्या नावानेही देता येते. निघते तेच : ओळ, नाव, तारीख. नारायण वामन टिळकांनी आरंभलेले ख्रिस्तायन त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि शेवट देवदत्तांनी केला. कोणता भाग कोणाचा हे अभ्यासकाला सांगता येते. ते सांगणे दोषासाठी की स्तुतीसाठी, हे विचारणाऱ्याच्या मनावर आहे.

2024 च्या फेब्रुवारीत, आमच्या कबुलीनंतर सात महिन्यांनी, एका सकाळी प्लगइनच्या नोंदवहीत एक बदल सुचवलेला दिसला. मध्यंतरी त्याच्याकडून एक शब्द आला नव्हता. आम्ही केलेल्या दुरुस्तीत ओवी सुरक्षित झाली होती, पण ओळ पुन्हा तुटेनाशी झाली होती. दोन्ही ओळी एकीला एक चिकटून येत. त्याने ती ओळ बदलली होती. आधी सगळा मजकूर निष्प्रभ करावयाचा, आणि मग फक्त ओळ तुटण्याची खूण आपण स्वतः घालावयाची. इतके साधे होते. वर त्याची जुनी टीप पुन्हा लिहिलेली होती, शब्दाला शब्द. तिच्याखाली एक नवे वाक्य होते : काढावयाचे झाल्यास आधी मला फोन करावा.

क्षमा केली असे त्याने कोठेही लिहिले नाही. आम्हीही विचारले नाही. आमच्या दोन खात्यांपैकी एकातून आम्ही तो बदल स्वीकारला, आणि जुलैपासून बंद ठेवलेली पाठभेदांची चौकट पुन्हा उघडली. त्या दिवशी पहिला पाठभेद आला तो अणदूरहून. दोन ओळींचा, बरोबर जेथे तुटावयास हवा तेथे तुटलेला.

मग आम्ही त्याला फोन केला. काही काढावयाचे नव्हते, तरी केला.